स्टुलावरचं घड्याळ

अंबादास, गेल्या आठवड्यात तुझ्या शोकसभेत लोक हसले. वाईट हसू नव्हतं, मायेचंच होतं, पण हसले. वाचनालयाच्या हॉलमध्ये चाळीसेक खुर्च्या, समोर टेबलावर तुझा फोटो, हार, आणि फोटोपुढं कुणीतरी हौसेनं बुद्धिबळाचा पट मांडून ठेवलेला. पट चुकीचा ठेवला होता. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर पाहिजे, तिथं काळं आलं होतं. तू असतास तर आधी उठून तो फिरवला असतास, मग नमस्कार-चमत्कार. मी दुसऱ्या रांगेत बसून नुसता बघत होतो.

आपल्या बुद्धिबळ क्लबचे सेक्रेटरी बोलायला उठले. म्हणाले, "आपला अंबादास म्हणजे एक नंबरचा विसरभोळा. जिल्हा निवडीचा शेवटचा डाव, समोर त्याचाच दोस्त शिवानंद, आणि ह्या पठ्ठ्यानं चाल अशी केली की बघणारे आम्ही गार. आणि मग काय, घड्याळच दाबायचं विसरला! सात मिनिटं आपल्याच चालीकडं बघत बसला आणि वेळ संपून हरला. असला देवमाणूस." लोक हसले. तुझी लेक रेणुका डोळे पुसता पुसता हसली. वहिनी हसल्या नाहीत. सेक्रेटरी माझ्याकडं वळून म्हणाले, "काय शिवानंद, खरंय की नाही?" आणि मी मान हलवली.

ती मान हलवल्यापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाही. बायको म्हणते, दोस्त गेला की असं होतंच. तिलाही खरं कुठं माहीत आहे?

क्लबवाले तुझ्यावर छोटी स्मरणिका काढतायत. मी आधी एक लेख देऊनही टाकला होता. त्यात तुझी साधी राहणी होती, तुझा हसतमुख स्वभाव होता, "बुद्धिबळाच्या पटावरचा हा सच्चा पाईक" असलं काहीबाही होतं. ऑफिसात निवृत्तीच्या निरोपाला लिहितो तसला. काल सेक्रेटरींच्या घरी जाऊन तो परत मागून घेतला. ते म्हणाले, चांगला तर झालाय. म्हटलं, द्या इकडं. त्याच्या जागी हा देणार आहे. छापतात का बघू.

पहिली गोष्ट. तू विसरभोळा नव्हतास.

विसरभोळ्या माणसाला तुझा धंदा एक दिवस करता आला नसता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत तुझं दुकान. चादरीचं, टॉवेलचं डिझाइन चौकटीच्या कागदावर यायचं, आणि त्यातली एकेक ओळ वाचून तू जकार्ड मागासाठी पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडायचास. जिथं रंगवलेला चौकोन तिथं भोक, जिथं मोकळा तिथं नाही. एका मोराला हजारच्या वर कार्डं लागायची. एक भोक चुकलं की मागावर शेकडो चादरींत मोराच्या मानेला तेच एक टोक निघणार. बत्तीस वर्षांत तुझ्याकडं मोराची मान घेऊन कुणी भांडायला आलेलं मी तरी पाहिलं नाही. पुढं चिंचोळी एमआयडीसीतले मोठे कारखानदार कॉम्प्युटरच्या जकार्डावर गेले, काम निम्म्यावर आलं, तरी जुने लोक तुझ्याचकडं यायचे. असल्या माणसाला सेक्रेटरी विसरभोळा म्हणतात आणि मी मान हलवतो.

दर रविवारी सकाळी नऊला मी तुझ्याकडं. आपली कशी ओळख झाली ते जाऊ दे, लोकांना त्याच्याशी काय करायचंय. रविवार असला तरी तुझं काम बंद नसायचं. त्या लांब टेबलावर चौकटीचा कागद पसरलेला, एका कडेला कार्डांची चळत, आणि उरलेल्या वीतभर जागेत आपला पट. तुझ्या डाव्या हाताचं बोट कागदावरच्या ओळीवर. ते बोट तू कधीच उचलायचा नाहीस. उचललं की ओळ गेली, म्हणायचास. उजव्या हातात भोकं पाडायचा पंच. तो खाली ठेवायचा, चाल करायची, परत उचलायचा, खट खट दोन भोकं पाडायची. एवढ्यात मी चाल केलेली असली तर परत पंच खाली.

टेबलावर घड्याळाला जागाच नव्हती. जुनं चावीचं, दोन तोंडांचं घड्याळ आपलं. आपली कळ दाबली की आपला काटा थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो. ते माझ्या गुडघ्याशी स्टुलावर असायचं. तुझा हात तिथं पोचायचा नाही. म्हणून दोघांच्या कळा मीच दाबायचो. तू चाल केलीस की तुझी कळ मी दाबायची, माझी चाल झाली की माझी मी. असं किती वर्षं चाललं? रेणुका शाळेत जायला लागली नव्हती तेव्हापासून ते ती दहावीला जाईपर्यंत. शेवटी शेवटी तर तुझं प्यादं पटाला टेकायच्या आत माझा हात स्टुलाकडं गेलेला असायचा. डोकं लागायचंच नाही त्याला.

हे कुणालाच माहीत नाही, अंबादास. क्लबात तू सगळ्यांशी खेळायचास आणि आपलं घड्याळ आपण दाबायचास. हे फक्त आपल्या दोघांतलं होतं.

खेळाच्या बाबतीत आपण दोन टोकं. मी जपून खेळणारा. प्यादं प्याद्याला लावून ठेवायचं, राजा कोपऱ्यात घालायचा, समोरचा कंटाळून चुकला की खायचं. ऑफिसात फायली जशा हलवतो तसं. आणि तू! पांढरी सोंगटी हातात आली की राजाचा गँबिट. दुसऱ्याच चालीला राजाशेजारचं उंटापुढचं प्यादं फुकट द्यायचं. पाचव्या चालीला घोडा मारायला ठेवून खुशाल कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात न्यायचा. आणि अंगात आलं तर आठव्या चालीला उंटही द्यायचा. रद्दीत सापडलेल्या कुठल्यातरी कव्हर नसलेल्या पुस्तकातून तू हे शिकलास, आणि आजकाल असलं कुणी खेळत नाही म्हटलं की म्हणायचास, "म्हणून तर खेळायचं की." मी चिडायचो. अरे, घोडा देऊन बदल्यात काय मिळालं? तू बोट ओळीवर ठेवून म्हणायचास, "रान मोकळं झालं की, शिवण्णा. तू लई घाबरतोस. एक घोडा गेला तर काय होतंय?"

घोडा दिलेला बरोबर की चूक, हे भांडण आपण वीस वर्षं भांडलो. मी म्हणायचो, चांगला खेळाडू समोर असला तर तू मार खाणार. तू म्हणायचास, चांगला खेळाडूच घाबरतो, वाईटाला कळत कुठं काय? मला तेव्हा ते टोमण्यासारखं लागायचं. आता वाटतं, तू मला चांगला खेळाडू म्हणत होतास.

आता त्या डावाचं लिहितो. नऊ वर्षं झाली.

जिल्ह्याच्या संघात चार जण निवडायचे होते, जळगावच्या राज्य स्पर्धेसाठी. तीन नावं ठरल्यासारखीच होती. चौथ्या जागेसाठी शेवटच्या फेरीत तू आणि मी समोरासमोर. गुण सारखे. जिंकेल तो जळगावला जाणार. तू सोलापूरच्या बाहेर जाऊन कधी खेळला नव्हतास. जाशील कसा, दोन दिवस दुकान बंद ठेवायचं तुझ्या जिवावर यायचं. पण त्या खेपेला तू वहिनींना आधीच सांगून ठेवलं होतंस, नंबर लागला तर आठ दिवस मी नाही, काम घेऊ नका. हे मला परवा वहिनींकडून कळलं. तेव्हा माहीत असतं तर मी वेगळा वागलो असतो का? असतो असं लिहायचा मोह होतोय. पण ज्याअर्थी इतकी वर्षं गप्प बसलो, त्याअर्थी नसतो.

शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर टेबलं, टेबलावर बॅटरीवरची नवी घड्याळं. टिकटिक करत नाहीत ती. तुला पांढरी आली. तू बसताना माझ्याकडं बघून भुवया उडवल्यास, म्हणजे आज पण तेच. मी मनात म्हटलं, आज निवडीच्या डावात तरी असा आचरटपणा करणार नाही. केलास. दुसऱ्या चालीला प्यादं, पाचव्याला घोडा, आठव्याला उंट. शेजारच्या टेबलांवरची मंडळी आपले डाव सोडून आपल्याकडं यायला लागली. माझ्याकडं दोन मोहरी जास्त होती आणि मला घाम फुटला होता. राजा उघडा पडलेला, वजीर सोडला तर एकही मोहरं धड घराबाहेर आलेलं नाही. वेळ तुझाही बराच गेला होता, माझा त्याहून जास्त. सोळाव्या चालीपर्यंत तू प्रत्येक वेळी आपलं घड्याळ आपण दाबलंस.

सतरावी चाल. तुझी सात मिनिटं उरली होती. तू हत्ती उचललास आणि माझ्या राजासमोरच्या मोकळ्या पट्टीत आणून ठेवलास. शह नाही, मारामारी नाही, काही नाही. नुसता हत्ती सरकवला. मागं उभ्या असलेल्यांतला कुणीतरी "आई गं" म्हणाला.

आणि तू डाव्या हाताचं बोट समोरच्या चाली लिहायच्या कागदावर ठेवलंस. ओळीवर.

मी ते बोट पाहिलं आणि मला कळलं. तू त्या हॉलमध्ये नव्हतास. तू तुझ्या दुकानात बसला होतास, रविवार सकाळ होती आणि घड्याळ माझ्या गुडघ्याशी स्टुलावर होतं.

माझा हात उठला, अंबादास. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. तुझा हत्ती टेकला तसा माझा हात सवयीनं उठला, घड्याळाकडं निघाला. आणि अर्ध्या वाटेत मी तो मागं ओढून कपाळाला लावला. विचार करायला लावतात तसा. लोकांना वाटलं मी विचारात पडलो. मी पटाकडं बघत नव्हतोच. डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझ्या बाजूचे आकडे कमी होताना बघत होतो. सहा. साडेपाच. मनात स्वतःशी म्हणत होतो, नियमात कुठं लिहिलंय की समोरच्याला आठवण करून द्या? ज्याचं त्यानं बघावं. स्पर्धा आहे ही. आणि चार मिनिटं उरली तेव्हा तू मान वर करून माझ्याकडं बघितलंस आणि हसलास. जिंकल्याचं हसू नव्हतं ते. तुला वाटलं, तुझ्या चालीनं मला कोड्यात टाकलंय. घे रे, हवा तेवढा वेळ घे, असं ते हसू होतं. मी खाली बघितलं.

मधे एकदा अजून बघितलंस, हसलास. तेव्हा दोन मिनिटं होती.

मग आकडे शून्यावर आले आणि मी म्हटलं, "टाइम." पंच धावत आले, घड्याळ बघितलं, नियम नियम म्हणाले. तू आधी घड्याळाकडं बघितलंस, मग माझ्या कपाळावरच्या हाताकडं. "अय्यो, राहिलं की दाबायचं," म्हणालास. उठून हात मिळवलास. चाली लिहिलेल्या कागदावर माझ्या सहीखाली सही केलीस. कुणी तुला धीर द्यायला आलं तर त्यालाच म्हणालास, चला चहा घेऊ.

माझ्या हाताकडं तू का बघितलंस? तो उठलेला तू पाहिला होतास का? नऊ वर्षं मला हे तुला विचारायचं होतं. आता कुणाला विचारू?

पुढच्या रविवारी मी आलो, न येऊन सांगतो कुणाला. पाहतो तर स्टूल नाही. टेबलावरचा चौकटीचा कागद तू अर्धा घडी करून ठेवला होतास, ओळीवर बोटाऐवजी लोखंडी पट्टी, आणि मोकळ्या झालेल्या जागेत, पटाच्या अगदी शेजारी, घड्याळ. तू चाल केलीस, हात पुढं करून स्वतः कळ दाबलीस. एक शब्द बोलला नाहीस. त्या सकाळी तीन-चार वेळा तरी माझा हात सवयीनं घड्याळाकडं गेला आणि तिथं तुझा हात आधीच होता. ती लोखंडी पट्टी पहिल्यापासून दुकानात होती. म्हणजे इतकी वर्षं तू ते कधीही करू शकला असतास. घड्याळ माझ्याकडं होतं ते जागा नव्हती म्हणून नाही, तू दिलेलं होतं म्हणून. एवढी साधी गोष्ट कळायला मला घड्याळ काढून घेतलं जावं लागलं.

भांडला असतास तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्यास, पट उधळला असतास, मी चार रविवार रुसलो असतो आणि पाचव्या रविवारी मिटलं असतं. तू तसलं काही केलं नाहीस. जळगावला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर आलास, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. "वहिनीनं दिलीय," म्हणालास. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहून मला चौथ्या पटावर कुणाकुणाला सांभाळायचं ते सांगत होतास. मी तिथं एक डाव बरोबरीत सोडवला, बाकी सगळे हरलो. ऑफिसात मात्र नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं, साहेबांनी शाल दिली. जिल्ह्याचा खेळाडू. ती शाल अजून कपाटात आहे, मी कधी अंगावर घेतली नाही.

आणि अजून एक. डावाच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी ती स्थिती टाकून बघितली होती. चार चालींत मात. मी काहीही केलं असतं तरी चार चालींत मात. हे मला दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. तरी नऊ वर्षं मी तुला काय सांगत आलो? "घड्याळाचं सोड अंबादास, मी वजीर मागं घेतला असता तर वाचलो असतो." क्लबात चारचौघांत सांगितलं, तुझ्यासमोर सांगितलं. आणि तू प्रत्येक वेळी म्हणालास, "असंल की." घोडा देण्यावरनं माझ्याशी तासतास भांडणारा तू, ह्या एका गोष्टीवर कधी भांडला नाहीस. मला निसटायला वाट ठेवलीस. आणि मी बिनदिक्कत निसटत राहिलो.

शेवटचा रविवार. तू बारीक दिसत होतास, मी विचारलं, म्हणालास पित्त झालंय. दोन डाव झाले. मी उठायला लागलो तर म्हणालास, "शिवण्णा, ती सतरावी मांड की आज. बघू तुझा वजीर मागं जातोय का." नऊ वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, आज नको, घरी पाहुणे येणारेत, पुढच्या रविवारी नक्की. पाहुणे कुणी येणार नव्हते. तू बरं म्हणालास आणि लोखंडी पट्टी एक ओळ खाली सरकवलीस. बुधवारी तू गेलास.

आता ह्यानंतरचं तुला माहीत नाही, ते सांगतो.

शोकसभेनंतरच्या रविवारी नऊ वाजता मी तुझ्या घरी गेलो. पाय आपोआप गेले म्हणायला आवडेल, पण तसं नाही. गल्लीच्या तोंडावरनं दोनदा परत फिरलो. वहिनी पुढच्या खोलीतच होत्या, कार्डांच्या चळती सुतळीनं बांधत. मी बसलो आणि सगळं सांगितलं. स्टूल, तुझं बोट, माझा उठलेला हात, सगळं. रेणुका दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

वहिनींनी सुतळीची गाठ मारली. म्हणाल्या, "मला माहीताय, भावजी."

त्यांनी दुसरी चळत पुढं ओढली.

"त्या दिवशी घरी आले. जेवले न्हाईत. मी इचारलं तर म्हणले, तो दाबंल असं वाटलं मला. एवढंच. परत कधी बोलले न्हाईत." मग म्हणाल्या, "नऊ वर्षं तुमाला माझ्या हातचा चहा मिळाला का? रेणुका आणून द्यायची. तुमाला कळलं बी न्हाई."

खरंच कळलं नव्हतं. मला वाटायचं पोरगी मोठी झाली, घरात हात लावायला लागली.

"आणि ती चटणी मी दिली न्हवती. त्यांनी दुकानातनं इकत आणली हुती. तुमाला काय सांगितलं?"

मी म्हटलं, वहिनीनं दिलीय म्हणाला. त्यावर त्या तुमच्या घरच्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, माझ्यासाठी नव्हतं ते, तुझ्यासाठी होतं. मग डोळ्याला पदर लावला. तुझ्या घरात नऊ वर्षं मी येत-जात होतो आणि मला एकट्यालाच वाटत होतं की ही गोष्ट फक्त मला ठाऊक आहे.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते सगळे हसत हुते तवा तुमी का बोलला न्हाई?"

म्हटलं, "भीती वाटली."

"हितं मांडा मला ते," त्या म्हणाल्या. "कशासाठी झालं ते बघू तरी."

पट टेबलावरच होता. मी मांडलं. दोनदा काळा राजा पडला. सोळा चालींपर्यंतची स्थिती मी डोळे मिटून मांडू शकतो. मग तुझा हत्ती उचलला आणि मोकळ्या पट्टीत ठेवला. वहिनींना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या हत्तीकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"मग? आता काय राहिलं?"

"ही कळ दाबायची राहिली."

रेणुकानं आतून स्टूल आणलं. त्यावर आता तुमच्याकडं पाण्याची कळशी असते, ती खाली उतरवून आणलं. माझ्या गुडघ्याशी ठेवलं, घड्याळ त्याच्यावर ठेवलं. तिला कसं माहीत ते कुठं असायचं? लहानपणी बघितलं असणार. मी चावी दिली.

"दाबा की मग," वहिनी म्हणाल्या.

मी तुझी कळ दाबली. माझा काटा चालू झाला.

थांबवायला हात पुढं केला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. सात मिनिटं म्हणले हुते न्हवं ते सेक्रेटरी? बसा सात मिनिटं."

बसलो. त्या समोर, तुझ्या जागेवर. रेणुका दाराला टेकून. शेजारच्या कारखान्यात माग चालू होता, त्याची खटखट, आणि घड्याळाची टिकटिक. मला वाटलं पाच मिनिटं तरी झाली असतील, बघतो तर दोनच. कपाळाला हात लावायची सोय नव्हती, वहिनी बघत होत्या. अंबादास, एवढा वेळ असतो हा? तू एवढा वेळ माझ्यासमोर बसला होतास, आणि मधे दोनदा हसलास?

सात झाली. वहिनी उठल्या. "लई येळ असतोय की हा," म्हणाल्या. मग कार्डांची चळत उचलता उचलता विचारलं, "आणि दाबलं असतं तर? हरला असता का तुमी?"

"हो वहिनी. चार चालींत."

"मग तेवढं लिहा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

लिहिलं, अंबादास. चार चालींत मात होती. वजीर मागं जात नव्हता.